डावीकडचे तीन फरक

रविवारच्या पुरवणीच्या शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात दोन चित्रं असतात, एकाखाली एक. वर मथळा असतो : सात फरक शोधा. आमच्या वर्तमानपत्राचं कार्यालय ठाण्यात, कोपरीला. हे पान बरीच वर्षं माझ्याकडे आहे. पान मुलांचं आहे असं कार्यालयात मानलं जातं. या कोड्याबद्दल एखाद्या मुलाचं पत्र आल्याचं मात्र मला आठवत नाही. पत्रं येतात ती निवृत्त माणसांची.

चित्रकाराची कामाची पद्धत साधी आहे. तो आधी एक चित्र पूर्ण काढतो आणि मग त्याच चित्रातून वस्तू चोरतो. आजोबांच्या सदऱ्याचं बटण, मांजराची मिशी, बादलीची कडी. चित्रातल्या कुटुंबाकडे दर आठवड्याला अशी चोरी होते आणि दर आठवड्याला ते कुटुंब हसत उभं असतं. एका वाचकाने विचारलं होतं की, मुलाच्या पायातली एक चप्पल गेली तरी त्याची आई त्याला ओरडत कशी नाही. दुसऱ्याने कळवलं की, वरच्या चित्रातल्या पंख्याला चार पाती आहेत आणि खालच्याला तीन. घरातल्या पंख्याला तीनच असतात, तेव्हा हा फरक नसून दुरुस्ती आहे. आठवा फरक सापडल्याचं कळवणारेही असतात. तो बहुधा शाईचा ठिपका निघतो.

तक्रार आली की तपासायची, हा डेस्कचा नियम आहे. कोड्यालाही तो लागू आहे.

घरी, डोंबिवलीत मानपाड्याला, हे कोडं मुलांचं असल्याचं कोणी मानत नव्हतं. बाबा निवृत्त होण्याआधी एमआयडीसीत, कापड रंगवणाऱ्या कंपनीत शेड मॅच करायचे. ग्राहकाने पसंत केलेला कापडाचा तुकडा म्हणजे नमुना. नवीन लॉटमधला तुकडा त्याच्या शेजारी धरायचा, खिडकीच्या उजेडात न्यायचा आणि सांगायचं, जुळला की नाही. पुढे या कामाला यंत्र आलं. बाबा यंत्राशी भांडायचे. आईने त्यांना ब्लाउजपीस घ्यायला बरोबर नेणं फार पूर्वीच सोडलं होतं. दुकानदाराने काउंटरवर मांडलेली सगळी कापडं ते दाराशी उजेडात नेऊन परत आणायचे आणि एकही जुळत नाही असं जाहीर करायचे.

समोरच्या दारातले काका वीज मीटरचे आकडे घ्यायच्या नोकरीतून निवृत्त झालेले. ते बाबांना शेडवाले म्हणत, बाबा त्यांना मीटरवाले. दोघांच्या घरी आमचंच वर्तमानपत्र येई. रविवारी सकाळी दोन्ही घरांचे लाकडी दरवाजे उघडे आणि जाळीचे सेफ्टी डोअर बंद, अशी परिस्थिती असे. दोघे आपापल्या जाळीमागे खुर्ची टाकून पेन्सिल घेऊन बसत.

“काय शेडवाले, किती?”

“पाच. तुम्ही रीडिंग घ्या, आमच्यात डोकावू नका.”

“आमचे सहा झाले. सातवा, चहा झाल्यावर.”

पानाच्या तळाशी उत्तरं उलटी छापलेली असतात. ती पट्टी आई आधीच कात्रीने कापून चहाच्या डब्याखाली ठेवायची. काकांच्या घरची पट्टीही तिच्याकडेच जमा होई. मला उत्तरं पान लावतानाच माहीत झालेली असत, म्हणून रविवारी सकाळी मला या विषयावर बोलायला बंदी होती.

मग बाबांना झटका आला. मेंदूच्या उजव्या बाजूला. रुग्णालयात उपचार लवकर सुरू झाले. डावा हात काही काळ ढिला पडला होता, तो पुष्कळसा सुधारला. बोलणं शाबूत राहिलं, चालणं आलं. ते घरी आले तेव्हा पाहायला आलेल्या प्रत्येकाने ते पूर्वीसारखेच दिसतात असं सांगितलं.

पहिली गोष्ट लक्षात आली ती जेवताना.

“हल्ली चटणी बंद केलीस का?” बाबांनी आईला विचारलं.

चटणी ताटात होती. आमच्याकडे ताट पद्धतशीर वाढतात : मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे; भाजी, आमटी उजवीकडे. बाबांनी उजवीकडचं सगळं संपवलं होतं. पोळी उजव्या बाजूने अर्धी खाल्ली होती आणि ते दुसरी मागत होते. आईने ताट फिरवलं.

“ही घे. आता कुठून आली?” बाबा म्हणाले.

दाढी उजव्या गालाची व्हायची. सदऱ्याची डावी बाही लोंबत राहायची. आणि रविवारच्या कोड्यात त्यांना चार फरक सापडले. सातपैकी चार चित्राच्या उजव्या अर्ध्यात होते, तीन डाव्यात. चारांवर त्यांनी पेन्सिलने नीट गोल केले आणि पान माझ्यापुढे धरलं.

“सात लिहिलंय. चार आहेत. तुमच्या लोकांनी तीन फरक खाल्ले.”

कल्याणहून एक थेरपिस्ट मुलगी स्कूटरवरून यायची. बाबांच्या हाताचे व्यायाम तिच्याकडे होते. तिने ते पान पाहिलं, बाबांना एका कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी गोल काढला आणि बारापासून सहापर्यंतचे आकडे लिहून पेन्सिल खाली ठेवली.

“काका, डोळे तुमचे एकदम ओके आहेत,” ती म्हणाली. “डोळे बघतात. मेंदू डावीकडचं घेत नाही. म्हणजे समजा डावीकडून पार्सल येतं, पण ते डिलिव्हर होत नाही.”

“मग परत जातं का?”

“नाही ना. दारात पडून राहतं. आणि तुम्हाला वाटतं पार्सल आलंच नाही.”

“माझी नजर कंपनीत कोणी कधी चुकीची ठरवली नाही,” बाबा म्हणाले.

“नजरेचा प्रॉब्लेमच नाहीये, काका.”

बाबांना हवी होती एकच गोष्ट. शीळ रस्त्याच्या पलीकडे, एमआयडीसीच्या बाजूला चहाची एक टपरी आहे. जुन्या कंपनीतले पाच-सहाजण रविवारी कोड्यानंतरच्या वेळेला तिथे जमतात. कंपनी बंद होऊन गेली, माणसं जमत राहिली. बाबांना तिथे जायचं होतं आणि एकट्याने जायचं होतं. मी किंवा आई बरोबर असणं त्यांना चालणार नव्हतं. “मुलीचा हात धरून चहाला गेलो तर ते चहा देतील, गप्पा मारणार नाहीत,” असं त्यांचं म्हणणं.

थेरपिस्टने कागदावर रस्ता काढून दाखवला. इकडच्या कडेला उभं राहिलं की जवळची वाहनं उजवीकडून येतात. ती बाबांना दिसणार. मध्ये दुभाजक. दुभाजकापलीकडची वाहनं डावीकडून येतात. म्हणजे अर्धा रस्ता ते व्यवस्थित ओलांडतील आणि उरलेला अर्धा त्यांना रिकामा दिसेल. उलट्या बाजूने येणारे दुचाकीवाले तिने हिशेबात धरले नव्हते.

“डावीकडचं आपणहून बघायला लागेपर्यंत एकटं जायचं नाही,” ती म्हणाली. “प्रॉमिस करा, काका.”

बाबांनी वचन दिलं नाही. “बघू,” म्हणाले.

इथवर सगळं सरळ होतं. गुंता केला तो मजल्यावरच्या चांगुलपणाने.

पुढच्या रविवारी जाळीपलीकडून नेहमीचा प्रश्न आला.

“किती, शेडवाले?”

“चार. याही वेळी चारच आहेत. तुमचे?”

काकांनी पान जरा खाली घेतलं. काकांच्या हातातल्या पानावर सात गोल झालेले होते. ते मला आमच्या दारातून दिसत होते.

“माझेही चारच,” काका म्हणाले.

आईने उत्तरांची पट्टी हरवल्याचं सांगितलं. मी नियमाप्रमाणे गप्प होते. बाबा खूश झाले. पुढचे काही रविवार असंच चाललं. काका नेमका तितकाच आकडा सांगायचे जितका बाबांचा असेल, एखाद्या वेळी एक कमीसुद्धा. वरच्या मजल्यावरच्या काकूंनीही जिन्यातून जाताना सांगून टाकलं की, त्यांच्याकडे तर तीनच निघाले. त्यांच्या घरी आमचं वर्तमानपत्र येतही नव्हतं.

हे सगळं ऐकलं सोसायटीच्या सेक्रेटरींनी. त्यांनी कोडं पाहिलं नाही. संपूर्ण मजल्याचं एकमत पाहिलं. सोमवारी त्यांनी आमच्या कार्यालयात फोन लावला. फोन शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने घेतला. आमच्या इमारतीत अनेक ज्येष्ठ नागरिक नियमित वाचक आहेत, सगळ्यांना चारच फरक सापडतात, सात छापून त्यांची दिशाभूल का करता, असा मजकूर होता. सहकाऱ्याने तक्रार लिहून घेतली आणि शेवटी पत्ता विचारला. पत्ता लिहिताना त्याने माझ्याकडे पाहिलं.

“ही तुझीच बिल्डिंग ना गं?”

नियमाप्रमाणे तपासणी झाली. चित्रकाराला फोन गेला. तो दुखावला. सातही फरक जागेवर होते. सहकाऱ्याने माझ्यासमोर पान ठेवलं आणि विचारलं, तुमच्या इमारतीचं पाणी कुठून येतं. डेस्कवर त्या दिवशी खूप हसणं झालं आणि त्यात मीही होते.

घरी त्याचा अर्थ वेगळा लागला. सेक्रेटरींनी वर्तमानपत्राला झापलं, ही बातमी बाबांपर्यंत पोचली होती. सगळी इमारत आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर आपली नजर ठीक आहे, हे त्यांच्या दृष्टीने सिद्ध झालं.

पुढच्या रविवारी कोडं झाल्यावर आई स्वयंपाकघरात होती, मी आंघोळीला गेले होते. बाबांनी चपला घातल्या आणि ते निघाले.

त्यांना परत आणलं एका रिक्षावाल्याने. बाबा मागे बसले होते, चेहरा पांढरा पडलेला. लागलं काही नव्हतं. रिक्षावाल्याचा आवाज मात्र चढलेला होता.

“ओ ताई, यांना एकटं सोडता कशाला? दुभाजकावरून उतरले नि सरळ चालत आले रिक्षासमोर. मी हॉर्न मारतोय, मारतोय, बघायचं नावच नाय. ब्रेक लागला म्हणून. मागचा टेम्पोवाला मला शिव्या घालून गेला.”

“रस्ता मोकळा होता,” बाबा म्हणाले.

“मोकळा? मग मी काय वरून पडलो काय, काका?”

बाबांनी रिक्षाकडे वळून पाहिलं. आईने रिक्षावाल्याला चहा दिला, तो पिऊन तो गेला. जाताना बाबांच्या खांद्याला हात लावून म्हणाला, “सांभाळून जात जा. आमच्या पण घरी म्हातारा आहे.”

दुपारी बाबांनी समोरच्या काकांना बोलावलं. सकाळचं पान घेऊन या, असं सांगितलं. काका आले. पान घडी घालून आणलं होतं.

“उघडा,” बाबा म्हणाले.

काकांनी उघडलं. बाबांनी त्यांना गोल मोठ्याने मोजायला लावले. सात होते.

“आणि मला पाच म्हणालात.”

“तुमचे पाच होते म्हणून.”

“मीटरला असं करायचात?”

“अहो, माणूस आणि मीटर सारखा असतो का?” काका चिडले. “आत्ता कुठे दवाखान्यातून आलात. म्हटलं, कशाला मन मोडा. आम्ही काय वाईट केलं?”

बाबा रागावले नाहीत. पान बाजूला ठेवलं. मग त्यांनी कंपनीतला एक प्रसंग सांगितला, जो आम्ही घरात कधी ऐकला नव्हता. एकदा कपाटातला नमुना कोणीतरी खिडकीशी ठेवून विसरला होता. उन्हाने त्याचा रंग उतरला. थोडासाच. त्याच्याशी जुळवून लॉटमागून लॉट पास झाले. नमुन्याशी ताडून पाहिलं की सगळे बरोबर होते. गिऱ्हाइकाकडे गेल्यावर एकही बरोबर नव्हता.

“मला जुळवून बघायला तुम्हीच होतात,” ते काकांना म्हणाले. “तुम्हीच उतरलात तर मी कशाशी जुळवू?”

काकांनी पानाची घडी घातली. मग आईला म्हणाले, “वहिनी, चहा टाका.” आणि बाबांना म्हणाले, “ठीक आहे. यापुढे सात म्हणजे सात. रडायचं नाही मग.”

“तुम्ही सातव्यासाठी चष्मा पुसता, ते मला माहीत आहे,” बाबा म्हणाले.

त्यानंतर काम सुरू झालं. थेरपिस्टने चित्राच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ मारली. बोट आधी त्या रेघेवर ठेवायचं, मग तिथून उजवीकडे यायचं. रेघ दिसल्याशिवाय सुरुवात करायची नाही. तिला स्वतःच्या युक्तीचं कौतुक होतं.

“हा लाल नाही,” बाबा म्हणाले. “यात पिवळा आहे.”

“काका, रेघ दिसली ना?”

“दिसली.”

“मग बास ना.”

“दिसली म्हणूनच सांगतोय.”

ती हसत सुटली. पुढच्या खेपेला तीन वेगवेगळी लाल पेनं घेऊन आली आणि बाबांना निवडायला लावलं. तिन्ही पेनं तिने टेबलावर डावीकडे ठेवली होती.

ताट पुन्हा नेहमीसारखं वाढलं जाऊ लागलं. चटणी हवी असेल तर शोधायची. आईला हे जमायला बाबांपेक्षा जास्त दिवस लागले. तिचा हात आपोआप ताट फिरवायला जायचा आणि बाबा तिच्या मनगटावर टिचकी मारायचे. काका आता जाळीतून निर्दयपणे ओरडत.

“सात! शेडवाले, झोपलात काय? माझी अंघोळसुद्धा झाली.”

“ऐकू आलं. डाव्या कानाने ऐकलं.”

मी चित्रकाराला एकदा हे सगळं सांगितलं. त्याने लगेच विचारलं, डावीकडचे फरक जरा मोठे करून देऊ का. थेरपिस्टला विचारलं तर ती म्हणाली, अजिबात नको, रस्त्यावर कोणी मोठं करून देत नाही. चित्रकार नेहमीसारखीच चोरी करत राहिला.

बाबांना डावीकडचा पहिला फरक सापडला तो एका बाईच्या कानातली कुडी. तो सापडायला एक सकाळ गेली. त्यांनी पेन्सिल ठेवली आणि हाताने डोळे झाकून बसले. आई धावली. “काही नाही गं,” ते म्हणाले, “मान दुखली.” मान खरंच दुखत असणार, डावीकडे वळवायची सवय राहिली नव्हती. पुढच्या रविवारी डावीकडचं काहीही सापडलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी खिडकीचा गज सापडला. प्रगती अशी होती; मागेपुढे.

मग एका रविवारी त्यांनी मला हाक मारली.

“ही कुंडी बघ. अगदी कडेची. वरच्या चित्रात तिच्यावर दोन पट्टे आहेत, खाली एक.”

मला उत्तरं पाठ होती. कुंडी त्यात नव्हती.

“उत्तरात नाही,” मी म्हणाले. बंदी मोडली गेली, पण कोणाच्या लक्षात आलं नाही.

“उत्तर चुकलं असेल. पट्टा चुकलेला नाही.”

काकांनी आपलं पान जाळीला टेकवून पाहिलं. “आहे हो,” ते म्हणाले. “मलाही नव्हता दिसला.” मग घाईने पुढे म्हणाले, “खरंच नव्हता दिसला. शपथेवर.”

सोमवारी तक्रार रीतसर नोंदली गेली आणि तपासली गेली. चित्रकाराने मूळ चित्र काढून पाहिलं. दुसरं चित्र तयार करताना कुंडीचा एक पट्टा त्याच्याकडून राहून गेला होता. पुढच्या पुरवणीत दोन ओळींची दुरुस्ती छापली : गेल्या रविवारच्या कोड्यात सात नव्हे, आठ फरक होते, वाचकाने लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. वाचकाचं नाव दिलं नाही. बाबांनी त्या ओळी कापून ठेवल्या नाहीत, पण जो येईल त्याला वाचायला दिल्या. त्या रविवारी सातातला एक त्यांना सापडलाच नव्हता. मांजराची मिशी. तीही डावीकडची. ते त्यांनी प्रत्येकाला आपणहून सांगितलं.

थेरपिस्टने बाबांच्या मागे मागे राहून इमारतीखालची छोटी गल्ली ओलांडून पाहिली, मग बाजारातला रस्ता, मग शीळ रस्ता. असं पुष्कळ वेळा झालं. शेवटी तिने परवानगी दिली, एका अटीवर. पहिल्या वेळी मी अलीकडच्या कडेला उभं राहायचं. बरोबर जायचं नाही, हाक मारायची नाही.

सकाळ कोरडी, धुळीची होती. बाबांनी अलीकडचा अर्धा रस्ता भराभर ओलांडला आणि दुभाजकावर चढून थांबले. त्यांच्याबरोबरचे दोघं-तिघं थांबले नाहीत, हात दाखवत पुढे निघून गेले. बाबांनी मान डावीकडे वळवली. आणखी वळवली. मागे कोणीतरी उभं आहे आणि त्याच्याशी बोलायचं आहे, इतकी. वाहनांमध्ये एक चांगली फट आली. मी असते तर निघाले असते. ते निघाले नाहीत. एक ट्रक गेला, त्यामागे कुठल्याशा कंपनीची बस. मग ते उतरले. चालताना मान तशीच डावीकडे ठेवून, सावकाश, थोडे तिरके, ते पलीकडे पोचले.

टपरीवर बाकावरची माणसं सरकली. कोणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मध्ये डंपर आला आणि काही वेळ मला काहीच दिसलं नाही. तो गेला तेव्हा बाबा ग्लास हातात घेऊन काहीतरी सांगत होते आणि दोघंजण एकाच वेळी त्यांचं म्हणणं खोडून काढत होते.

मी निघणार इतक्यात फोन वाजला.

“अगं, अजून तिथेच का उभी आहेस? ये की. हे सगळे विचारतायत, मुलगी उन्हात का ठेवलीत म्हणून.”

“येऊ ना नक्की?”

“ये. पण दुभाजकावर थांब. लोक निघाले म्हणून तू निघू नकोस. मी सांगतो.”

मी दुभाजकावर थांबले. पलीकडून बाबा फोन कानाला लावून रस्त्याकडे बघत होते.

“टेम्पो आहे,” ते म्हणाले. “त्याच्यामागे एक मोटरसायकल. ती जाऊ दे. हं, आता ये.”